शेवग्याखालची जागा

दार लावून, कडी घालून रंगनाथ परत गोधडीत शिरतो, तेव्हा बाहेर नुकतं फटफटायला लागलेलं असतं. निफाडची थंडी दरसाल पेपरात छापून येते ती काही उगाच नाही. काल पारा चारावर होता, आज त्याच्याही खाली असणार. समोर बाळकिसनच्या द्राक्षबागेत शेकोट्या पेटल्यात. घडांना थंडी बाधू नये म्हणून तो चार दिवस पहाटेपासून धूर करतोय. तो धूर खिडकीच्या फटीतून आत येतो आणि घरातल्या फिनेलच्या वासात मिसळतो. रंगनाथ पाय पोटाशी घेतो. कॉटच्या पायथ्याशी फरशीवर वाटीभर थारोळं आहे, आणि ते त्याने पुसलेलं नाही. ज्या माणसाने तीस वर्षं गावोगावच्या विहिरींत ब्लिचिंग पावडर टाकली, तो आज घरातलं मूत तसंच ठेवून पुन्हा आडवा झालाय. यावरून त्याच्या रागाची कल्पना करावी.

दाराबाहेर पिल्लू कुईं कुईं करतंय. दोन महिन्यांचं, दोन हातांत मावेल एवढं.

"करू दे," रंगनाथ गोधडीच्या आत पुटपुटतो. "उन्हं आली की घेईन आत. एक दिवस गारठलं म्हणजे शिकेल."

हे पिल्लू मथुराने आणलं. मथुरा म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन आज पंधरावा दिवस. डिसेंबर लागता लागता बाळकिसनच्या बांधावर, छाटणीच्या काड्यांच्या ढिगाखाली एक कुत्री व्याली होती. ती रस्ता ओलांडायला गेली ती परत आलीच नाही. चार पिल्लं थंडीने मेली, हे एक उरलं. मथुराने ते पदरात गुंडाळून घरी आणलं आणि नाव ठेवलं गुंडी, कारण झोपली की ती शर्टाच्या गुंडीसारखी गोल होऊन जायची. रंगनाथने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग कायदा केला. घरात एक थेंब जरी दिसला, तरी पिल्लू बाहेर.

मथुराने तो कायदा फारच मनावर घेतला. पिल्लू उठलं की बाहेर, खाल्लं की बाहेर, हुंगत गोल गोल फिरायला लागलं की बाहेर. पहाटे पाचला ती अनवाणीच उठायची, पिल्लू उचलायची आणि अंगणाच्या कोपऱ्यात शेवग्याखाली जाऊन उभी राहायची. गवतावरचं दव गोठून पांढरं पडलेलं असायचं. हात काखेत खुपसून ती म्हणत राहायची, "कर बाई, कर." झालं की, "शहाणी गं माझी." आणि कधी चुकून घरात झालंच, तर बंबातली मूठभर राख त्यावर टाकायची, वरून हाताने थापायची आणि नवऱ्याच्या नजरेला पडायच्या आत सुपलीत भरून फेकून द्यायची.

तिला आधीपासूनच खोकला होता. गावात रंगनाथला अजूनही डॉक्टर म्हणतात. तो होता आरोग्य सेवक, पण लोकांची ही चूक त्याने कधी दुरुस्त केली नाही. त्याने आपल्या जुन्या पेटीतल्या गोळ्या काढून दिल्या आणि सांगितलं, "थंडीचा खोकला आहे. छातीत काही नाही." घरातलाच डॉक्टर असं म्हणतोय म्हटल्यावर ती कशाला दवाखान्यात जाईल? ताप चढला तरी पहाटे पाचला ती शेवग्याखाली उभी होतीच. चौथ्या दिवशी पहाटे तिला उठवलंच नाही आणि तिचं अंथरूण ओलं झालं. शेजारी झोपलेल्या रंगनाथच्या अंगाला ती ओल लागली. तो ताडकन उठून बसला आणि म्हणाला,

"आता तूही?"

दोनच शब्द. तासाभराने तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, दुपारी ती गेली. निमोनिया, असं तिथल्या डॉक्टरीणबाईने सांगितलं. मध्ये रिक्षात तो तिच्याशी आणखी काहीबाही बोलला असेलही, पण त्याला आठवतात ते हे दोन शब्द. आणि त्यांवर ती काहीच बोलली नाही, हे आठवतं.

पुढे घरात मथुराला जिथे निजवलं होतं, तिथे रीतीप्रमाणे पीठ पसरून दिवा ठेवला आणि वर बांबूचं डालगं पालथं घातलं. दहाव्याला डालगं उचलून पिठात काय उमटलंय ते बघायचं, म्हणजे गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते कळतं. रंगनाथचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी ते दहा दिवस तो त्या डालग्याकडे बघतच बसला होता. दहाव्याच्या सकाळी डालगं कलंडलेलं, पीठ विस्कटलेलं, मधोमध ओला गोळा आणि चहूकडे पिल्लाची पावलं. मथुराची बहीण नर्मदा वाकून बघत म्हणाली, "कुत्र्याचं पाऊल आहे, दाजी." बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. रंगनाथने सगळ्यांदेखत पिल्लाला लाथ मारली. बायकोकडून येणारा एकच निरोप होता, तोही या कारट्याने मुतून पुसून टाकला, हे त्याच्या डोक्यातून काही केल्या जात नाही.

मथुरा गेल्यापासून रोजचं हेच चाललंय. पहाटे पिल्लू दार खरवडतं, खर्र खर्र. रंगनाथ गोधडी कानावर ओढतो. थोड्या वेळाने आवाज थांबतो आणि उठून बघावं तर थारोळं. पिल्लू दार खरवडतं ते दाराची नासधूस करायला, असं त्याचं मत आहे. त्याची बहुतेक मतं अशीच पक्की असतात. आज त्याने पिल्लाची मानगूट धरली, नाक त्या थारोळ्यात दाबलं, आणि कडी काढून त्याला पायरीवर टाकलं.

आता कुईं कुईं हळू होत चाललंय. मग थांबतं. बरं झालं, असं त्याला वाटतं. पापण्या जड होतात, बागेतला धूर खोलीत जरा दाट होतो, आणि मागच्या अंगणात कुणीतरी बंबात लाकूड सरकवतं.

बंब तर मथुरा गेल्यापासून पेटलेला नाही. रंगनाथ गॅसवर पातेलंभर पाणी तापवून भागवतो. तो डोकं वर काढतो, तर बंब खोलीतच आहे, कॉटच्या पायथ्याशी, आणि मथुरा त्याच्यापुढे उकिडवी बसून फुंकर घालतेय. अंगावर तेच चॉकलेटी स्वेटर, कोपराला उसवलेलं. पाय अनवाणी.

"चप्पल घाल की," तो म्हणतो.

"आता काय करायची?" ती मागे न बघता म्हणते. "गुंडी कुठंय?"

"आत हाये," रंगनाथ म्हणतो. "झोपली."

मेलेल्या बायकोशी पहिलं वाक्य बोलला तेही खोटं. त्याला ते कळतं, पण तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही.

"असं," मथुरा म्हणते. "मंग माझ्या पायाला हे गार काय लागू राहिलं?"

तो तिच्या पायाकडे बघायला वाकतो, तर खाली विहीर आहे. काठावरचा दगड त्याच्या ओळखीचा नाही, पण विहीर ओळखीची आहे, कारण तिच्या पाण्याला ब्लिचिंगचा वास येतोय. पाणी फार खोल आणि काळं. मथुरा काठावर पाय सोडून बसलीय. शेजारी पावडरीचं पोतं उघडं पडलंय.

"तीस वर्षं काय टाकत होते ह्याच्यात?" ती विचारते.

"घाण मारायला टाकायचो."

"मेली का?"

"मरते. पुन्हा होते."

ती मान हलवते, जणू एवढंच ऐकायचं होतं. मग पोत्याची दोरी ओढून तोंड बांधायला लागते. दोरी बांधून झाल्यावर तिच्या काखेत पोतं नसून गुंडाळलेली गादी असते. दोघं एका लांब बोळात बाकावर बसलेले असतात. भिंत खालून हिरवी, वरून पांढरी. बाकावर आणखी कुणी नाही. गादीतून थेंब पडतायत आणि बाकाखालून ओघळ लांब निघालाय.

"ही कुठं वाळत घालू?" मथुरा विचारते. "ऊन तर पडेना."

"दे इकडं."

"राहू द्या. तुम्हाला वास येईल."

ती हे टोमणा म्हणून बोलत नाही, नेहमीसारखंच बोलते, चहात साखर कमी झाली का असं विचारावं तसं. पंधरा दिवस त्याने एकच प्रश्न भिंतीला विचारलाय, आरशाला विचारलाय. आता ती शेजारी बसलीय. ओघळ त्याच्या अंगठ्यापर्यंत येतो तेव्हा कुठे तो बोलतो.

"त्या दिशी मी जे बोललो, ते तू ऐकलं होतं का?"

"ऐकलं."

"मंग काही बोलली का नाहीस?"

"दम कुठं होता बोलायला?"

बोळाच्या टोकाला कुणीतरी खोकतं. तो खोकला मथुराचाच आहे, पण ती तर इथे शेजारी बसलीय आणि तिचं तोंड मिटलेलं आहे.

"राग आला असंल," रंगनाथ म्हणतो.

"राग नाही आला." ती गादीची सुरकुती हाताने सारखी करते. "लाज वाटली. एवढ्या वर्षांत तुमच्यासमोर कधी असं झालं नव्हतं. मला वाटलं, उठून कुठंतरी कोपऱ्यात जाऊन बसावं. पण उठता येईना."

ती रागावली असती तर त्याने पाय धरले असते. लाजेपुढे काय करायचं, ते त्याला कळत नाही. तो हात पुढे करतो, तिच्या स्वेटरच्या उसवलेल्या कोपराला लावतो. लोकर गार आणि दमट आहे. तिच्या आत हात आहे की नाही, ते समजत नाही.

"मला माफ कर, मथुरा."

"त्यानं गादी वाळायची का?" ती म्हणते.

तो रडायला लागतो. तोंड वेडंवाकडं करून, आवाज न करता रडतो. मथुरा त्याला रडू देते. बाळकिसनच्या बागेतला धूर आता बोळात शिरलाय, हिरवी भिंत दिसेनाशी झालीय, आणि बाक जिथे होता तिथे पालथं डालगं आहे. रंगनाथ गुडघ्यांवर बसून ते उचलायला बघतो. उचलत नाही.

"ह्याच्यात तुझं पाऊल बघायचं होतं," तो सांगतो. "त्या कारटीनं सगळं मोडून टाकलं."

"बघून काय करणार होते?"

"कळलं असतं, कुठं गेलीस."

"कुठं जाणार? शेवग्याखाली येऊन बघायचं की एखाद्या पहाटे." ती जवळच कुठेतरी आहे, पण धुरात फक्त तिचे पाय दिसतात. भेगा पडलेल्या टाचा, त्यांच्याभोवती गोठलेलं पांढरं गवत. "आवो, खरं सांगा. गुंडी कुठंय?"

"बाहेर," तो म्हणतो.

"कशाला?"

"शिकावं म्हणून."

"काय शिकावं?"

मथुराचे पाय मागे सरकतात. तिच्या मागोमाग जावं म्हणून तो उठायला बघतो, तर उठण्याएवढं अंगच उरलेलं नाही. तो पायरीवर आहे, चार पायांवर, आणि पायरी इतकी गार आहे की पाय टेकवत नाहीत. समोर आपल्याच घराचं दार आभाळापर्यंत गेलंय. खाली, अगदी बुडाशी, लाकडावर नखांचे बारीक पांढरे ओरखडे आहेत. सगळे एकाच जागी. एक पहाट, दुसरी पहाट, तिसरी पहाट. हे ओरखडे दाराच्या आतल्या अंगाला असायला हवेत, ते आज बाहेर आलेत.

त्याला जोराची लागलीय. बाहेर जायचं आहे, जागा ठाऊक आहे, कुणीतरी फक्त दार उघडायला हवं. तो नखांनी दार खरवडतो, खर्र खर्र. आत कॉट करकरते. आत कुणीतरी आहे. ते कानावर गोधडी ओढून घेतं.

तो पुन्हा खरवडतो. पायांतून गरम ओघळ सुटतो, पायरीवर पसरतो, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आतून त्याच्याच आवाजात कुणीतरी म्हणतं, "आता तूही?"

मग वरून एक हात येतो. बांगड्यांची किणकिण होते. मुठीतून राख पडते, मऊ, कोमट, थारोळ्यावर आणि त्याच्या पायांवर. हात ती राख थापतो, एकदा, दोनदा.

"हे पहिले करायचं," मथुरा म्हणते. "ओलं दिसलं की बोलायचं नाही. राख टाकायची."

"मथुरा—"

"बोलायचं नाही. जा, दार उघडा."

रंगनाथ डोळे उघडतो. खोली करड्या उजेडाने भरलीय. घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झालीत. कानशिलं ओली आहेत, बाहेर कसलाही आवाज नाही. तो पाय खाली सोडतो आणि मध्येच थांबतो.

कॉटच्या पायथ्याशी, पहाटे न पुसलेल्या थारोळ्यावर, मूठभर राख आहे. वरून थापलेली. थापताना उमटलेली चार बोटं तिच्यात स्पष्ट दिसतायत. तो वाकतो, आपली बोटं त्यांवर ठेवून बघतो. त्याची बोटं जाड आहेत, त्या खुणांत बसत नाहीत. राख कोमट आहे. दाराची कडी आतून त्याने घातली तशीच आहे, आणि बंबात पंधरा दिवस काडी पेटलेली नाही.

तो जास्त वेळ तिथे थांबत नाही. कडी काढतो. दाराच्या बुडाशी, आतल्या बाजूला, नखांचे बारीक पांढरे ओरखडे आहेत. पंधरा दिवस त्याच्या डोळ्यांसमोर असलेले.

पायरीवर पिल्लू नाही. पायरीखाली, धुण्याच्या दगडामागे, पोत्याच्या घडीत, कुठेही नाही. धुकं इतकं आहे की कुंपणही दिसत नाही. रंगनाथ अनवाणीच अंगणात उतरतो. गोठलेलं गवत तळव्यांखाली करकर मोडतं, आणि दहा पावलांत पायांची शुद्ध हरपते. एवढं गार असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. महिनाभर ती रोज इथून गेली आणि तो गोधडीत होता. तो सरळ कोपऱ्याकडे जातो.

गुंडी शेवग्याखाली आहे. गोल झालेली, तोंड घराच्या दिशेने. पाठीवरच्या केसांवर पांढरं दव बसलंय. तिच्या मागे, पांढऱ्या गवतात, एक छोटी पिवळी खूण आहे. तिथलं दव वितळून पुन्हा गोठलंय. पहाटे बाहेर फेकल्यावर ती रडली, आणि मग आपल्या जागेवर चालत आली, शिकवलेलं काम केलं, आणि कुणीतरी शहाणी म्हणेल म्हणून तिथेच बसून राहिली.

"शिकली होती तर," रंगनाथ मोठ्याने म्हणतो. धुक्यात त्याचा आवाज त्यालाच ऐकवत नाही.

तो तिला उचलतो. पाय ताठ झालेत, डोळे अर्धे मिटलेले, नाक दगडासारखं गार. तो स्वेटर वर करतो, बनियन वर करतो आणि तिला पोटाच्या उघड्या कातडीला लावतो. गारव्याने त्याचा श्वास क्षणभर अडकतो. वरून बनियन, स्वेटर, दोन्ही हात. तिथेच झाडाच्या बुंध्याला टेकून तो गवतात खाली बसतो. उठून घरात जाण्याइतका धीर त्याच्याकडे नाही. तीस वर्षं नाड्या बघितलेली बोटं तो तिच्या छातीवर ठेवतो, आणि त्या बोटांना काहीही लागत नाही, कारण ती स्वतःच बधिर झालीत.

समोर बागेत बाळकिसन शेकोटीत काड्या टाकतोय. त्याची नुसती सावली दिसते. रंगनाथ त्याला हाक मारत नाही. तो छातीवर हनुवटी टेकवतो आणि स्वेटरच्या गळ्यातून आत, अंधारात, हळू बोलायला लागतो.

"कर बाई, कर," तो म्हणतो. "कर बाई."

बराच वेळ काहीच होत नाही. धुकं विरळ होत नाही, ऊन पडत नाही. तो तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहतो, शेवटी शब्दांचा अर्थ संपून नुसती पुटपुट उरते. आत काही हललं की आपणच थरथरतोय, ते त्याला सांगता येत नाही.

मग त्याच्या पोटावर काहीतरी गरम सुटतं. थेंबभर, मग आणखी. ते बेंबीवरून खाली ओघळतं, धोतराच्या काठात मुरतं, आणि त्या ओलीतून एक बारीक, ओळखीचा वास वर येतो. रंगनाथ जागचा हलत नाही. हात तसेच घट्ट धरून ठेवतो.

"शहाणी गं माझी," तो म्हणतो.